गंभीर मानसिक आजारात ग्लिया पेशींचं काय चाललेलं असतं?

प्रश्न एका बहिणीचा आहे. धाकट्या भावाला बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं, गेली तीन वर्षं तो औषधावर आहे. कानात येणारे आवाज थांबलेत. पण तो पूर्वीसारखा बोलत नाही, कशात त्याचं मन रमत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही. तिच्या वाचनात आलं, की हा आजार मुळात न्यूरॉनचा, म्हणजे संदेश वाहणाऱ्या चेतापेशींचा नसून ग्लिया नावाच्या पेशींचा आहे, त्यात मेंदूला ‘सूज’ येते आणि आत्ताची औषधं त्या पेशींपर्यंत पोचतच नाहीत. तर मग तीन वर्षं भलत्याच ठिकाणी उपचार चाललेत का? ग्लियाची काही तपासणी होते का? सूज उतरवणारं औषध डॉक्टरांकडे मागावं का?

आधी उत्तर देते, कारणं नंतर. तीन वर्षं वाया गेलेली नाहीत, आणि गोळ्या एक दिवससुद्धा मनाने बंद करू नका. जिच्या निकालावरून भावाचं औषध ठरवता येईल अशी ग्लियाची कुठलीही तपासणी आज नाही. सूज उतरवणाऱ्या औषधांबद्दल पुढे लिहिते. पण तुम्ही वाचलंत ते थोतांडही नाही. या आजारांत ग्लिया पेशींचा हात आहे असं मी मानते, आणि पंचवीस वर्षं असे रुग्ण आणि त्यांची घरं पाहिल्यावर मला संशोधनातला हाच भाग सर्वांत आशेचा वाटतो. मात्र तो हात कुठे, कधी आणि कसा लागतो हे नीट समजून घेतलं नाही, तर हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखं होईल.

या पेशींचं दुर्दैव नावापासूनच सुरू झालं. १८५६ मध्ये रुडॉल्फ फिरखो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांनी चेतातंतूंच्या मधल्या जागेत भरलेल्या द्रव्याला न्यूरोग्लिया म्हटलं. ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे गोंद. चेतातंतूंना जागच्या जागी धरून ठेवणारी खळ, इतकीच त्याची लायकी ठरली. शिकत असताना आमच्या विकृतिशास्त्राच्या सरांनी मला चांदीच्या क्षारांनी रंगवलेली एक जुनी काचपट्टी दाखवली होती. फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर एक लहानशी काळी पेशी, आणि तिला चहूबाजूंनी फुटलेल्या बारीक, वेड्यावाकड्या, काटेरी फांद्या. मग त्यांनी शेजारी त्याच भागाची नेहमीच्या रंगाची पट्टी ठेवली. तीत फांद्या गायब, नुसता एक लांबट निळा ठिपका. रंग योग्य नसेल तर ही पेशी म्हणजे फक्त केंद्रकाचा ठिपका. स्पेनमध्ये पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीची अशी पद्धत वापरून मायक्रोग्लिया पहिल्यांदा नीट वेगळी दाखवली, आणि पाठोपाठ ऑलिगोडेन्ड्रोसाइटही. अॅस्ट्रोसाइट, म्हणजे ताऱ्यासारखी पेशी, त्याआधीच माहीत होती. या तीन मुख्य जाती.

तरीही पुढची कित्येक दशकं ग्लिया दुर्लक्षितच राहिली, कारण मेंदूकडे पाहण्याचं आपलं साधन होतं विद्युत. न्यूरॉनला इलेक्ट्रोड लावला की तो कडकडून बोलतो. ग्लियाला लावला तर शांतता. १९९० च्या सुमारास कॅल्शियमवर चमकणारे रंग वापरून पाहिलं, तेव्हा कळलं की ग्लुटामेट हे न्यूरॉनचं संदेश नेणारं रसायन मिळालं की अॅस्ट्रोसाइटमध्ये कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि एका पेशीतून दुसरीत पसरत जातात. म्हणजे त्यांचीही भाषा होती, फक्त ती विजेची नव्हती.

इथे एक दुरुस्ती करून टाकते, कारण ती चूक अजूनही पाठ्यपुस्तकांत सापडते. ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात, हे खरं नाही. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूचा अक्षरशः रस्सा करून त्यातली केंद्रकं मोजली. २००९ मधली त्यांची मोजणी सांगते, की माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन आणि जवळजवळ तेवढ्याच इतर पेशी असतात. ग्लियाचं महत्त्व संख्येत नाही, कामात आहे.

मानसोपचाराचा ग्लियाशी संबंध मात्र फार जुना आहे आणि तो आला एका चुकीच्या वाटेने. हंगेरीचे लाडिस्लास मेदुना मुळात मेंदूच्या विकृतिशास्त्रातले. अपस्माराच्या, म्हणजे फिट्स येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत ग्लिया उदंड वाढलेल्या आणि स्किझोफ्रेनियात त्या विरळ, असं त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. त्यावरून त्यांनी ताडलं, की हे दोन आजार एकमेकांचे वैरी असावेत आणि झटका आणला तर स्किझोफ्रेनिया हटेल. जानेवारी १९३४ मध्ये बुडापेस्टला त्यांनी कॅटाटोनियात दगडासारख्या गोठलेल्या एका रुग्णाला कापराचं इंजेक्शन देऊन झटका आणला. चार वर्षांनी, १९३८ मध्ये, रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी कापराऐवजी वीज वापरली. आज भूल देऊन केली जाणारी ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्याचा उपचार, ती हीच. मेदुनांचं गृहीतक टिकलं नाही. उलट अपस्मार असलेल्यांना सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रमांच्या आजाराचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो. उपचार मात्र टिकला. अन्नपाणी सोडून भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस काही सत्रांनंतर उठून पाणी मागतो, हे मी अनेकदा पाहिलंय. ही हकीकत इतक्या विस्ताराने सांगितली ती एवढ्यासाठी, की ग्लियाबद्दलचं गृहीतक आणि उपचार लागू पडणं या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या नसतात. गृहीतक चुकूनही उपचार चालू शकतो. आणि गृहीतक बरोबर असूनही उपचार फसू शकतो. त्याचंही उदाहरण पुढे येईल.

आता अॅस्ट्रोसाइट. एक सायनॅप्स, म्हणजे दोन न्यूरॉनमधला सांधा, डोळ्यासमोर आणा. एका न्यूरॉनचं टोक, समोर दुसऱ्याचा काटा, मध्ये मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दोन-तीन पट रुंदीची फट. टोकातून ग्लुटामेट सांडतं, पलीकडे संदेश पोचतो. हे सांडलेलं ग्लुटामेट तिथेच राहिलं तर पलीकडचा न्यूरॉन सतत उत्तेजित राहील आणि शेवटी मरेल. ते उचलून नेण्याचं काम फटीला बिलगून बसलेली अॅस्ट्रोसाइटची बारीक पाती करते. आत नेऊन त्याचं ग्लुटामिन बनवते आणि न्यूरॉनला पुन्हा वापरायला परत देते. पोटॅशियम साचू न देणं, न्यूरॉनला इंधन म्हणून लॅक्टेट पुरवणं, सायनॅप्स नव्याने बांधायला कोलेस्टेरॉल आणि प्रथिनं देणं, हेही तिच्याकडेच. माणसाची एक अॅस्ट्रोसाइट काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत सायनॅप्सवर पसरलेली असू शकते. उंदराची एक लाखाच्या आसपास. सायनॅप्स दोघांचा नसून तिघांचा आहे, ही मांडणी १९९९ पासून रूढ झाली.

सांडलेलं उचलणारा हात मंदावला तर काय होईल? गंभीर नैराश्यात याचे धागे सर्वांत स्पष्ट दिसतात. १९९८ मध्ये ज्यांच्या कुटुंबात नैराश्य किंवा बायपोलर आजार चालत आला होता अशा रुग्णांच्या मेंदूतला, कपाळामागच्या भागाचा एक आतला, खालचा पट्टा तपासला गेला. न्यूरॉनची संख्या जवळजवळ नेहमीसारखीच होती, ग्लियाची कमी भरली. पुढच्या वर्षी कपाळामागच्या इतर भागांतही तसंच आढळलं. या निष्कर्षाने त्या वेळी आमच्या क्षेत्रात खरंच खळबळ उडाली, कारण सगळे न्यूरॉन मरतात का हे शोधत होते. मग प्रश्न पडला, ग्लिया कमी झाल्या म्हणून नैराश्य आलं, की दीर्घ नैराश्याने, दारूने किंवा औषधांनी त्या कमी झाल्या? २००८ मध्ये उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात फक्त अॅस्ट्रोसाइट मारणारं द्रव्य सोडून पाहिलं. गोड पाण्यात रस न उरणं, संकटात लवकर हात टेकणं, अशी नैराश्यासारखी लक्षणं दिसली. तेवढ्याच भागातले न्यूरॉन मारले तेव्हा मात्र ती दिसली नाहीत.

पण ‘ग्लिया कमी म्हणजे नैराश्य’ असं सूत्र बांधायच्या आत २०१८ मध्ये चीनमधून उलटी गोष्ट समोर आली. मेंदूच्या खोल भागात लॅटरल हॅबेन्यूला नावाचा एक इवला भाग आहे, निराशा आणि अपेक्षाभंगाच्या वेळी सक्रिय होणारा. नैराश्यासारखी अवस्था आलेल्या उंदरांत इथल्या अॅस्ट्रोसाइटमध्ये पोटॅशियम शोषणारं एक प्रथिन, केआयआर ४.१, वाढलेलं आढळलं. ते न्यूरॉनच्या अंगाला लपेटून असतं. त्याने भोवतीचं पोटॅशियम जास्तच उपसलं, की न्यूरॉन एकेक ठोका देण्याऐवजी भराभर गुच्छात ठोके देऊ लागतो आणि आनंदाशी जोडलेल्या वाटा दाबल्या जातात. केटामिन या नैराश्य झपाट्याने उतरवणाऱ्या औषधाने हे गुच्छ थांबतात, असं त्याच गटाने सोबतच दाखवलं. म्हणजे एका ठिकाणी अॅस्ट्रोसाइट कमी पडल्या, दुसरीकडे तिचं एक काम अती झालं, आणि दोन्ही वाटा नैराश्याकडेच गेल्या. म्हणून ‘ग्लिया वाढवणारं औषध’ असं काही कोणी विकू लागलं तर तुम्ही विचारा, कुठल्या ग्लिया, मेंदूच्या कुठल्या भागात?

भावाच्या आजारासाठी सर्वांत महत्त्वाची वाटते ती मायक्रोग्लिया. या पेशी मेंदूच्या मूळच्या नाहीत. गर्भाच्या अगदी सुरुवातीला पीतक पिशवीत त्या जन्मतात आणि तिथून मेंदूत येऊन कायमच्या राहतात. रोगप्रतिकारक यंत्रणेचं मेंदूतलं घर म्हणा. पूर्वी समज होता, की इजा किंवा संसर्ग झाल्याशिवाय त्या स्वस्थ पडून असतात. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या कवटीचा छोटा भाग पातळ घासून, त्या खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं गेलं. स्वस्थ कुठल्या? पेशीचं शरीर जागेवर, पण फांद्या सतत लांबतात, आखडतात, शेजारचं चाचपून परत येतात. निरोगी मेंदूतसुद्धा त्यांची गस्त थांबत नाही.

या गस्तीत त्या एक काम करतात, ते म्हणजे विरळणी. लहानपणी मेंदूत सायनॅप्स गरजेपेक्षा पुष्कळ जास्त उगवतात. शेतकरी दाट उगवलेली रोपं उपटतो आणि उरलेल्यांना जागा देतो, तसं वाढत्या वयात कमी वापराचे सायनॅप्स काढले जातात. कपाळामागच्या भागात ही विरळणी किशोरवयातून विशीपर्यंत चालते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अर्विन फाइनबर्ग यांनी शंका मांडली, की स्किझोफ्रेनिया नेमका याच वयात डोकं वर काढतो, तर ही विरळणीच तर बिघडत नसेल ना? तेव्हा विरळणी करतं कोण हेच ठाऊक नव्हतं. २००० मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूत, पुढच्या भागातल्या न्यूरॉनवरचे सायनॅप्सचे काटे निरोगी मेंदूंपेक्षा विरळ आढळले. २००७ ते २०१२ दरम्यान उंदरांत कळलं, की नको असलेल्या सायनॅप्सवर कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांची खूण लागते आणि ती खूण पाहून मायक्रोग्लिया तो सायनॅप्स गिळते. कॉम्प्लिमेंट ही जंतूंवर खूण लावणारीच यंत्रणा. मेंदूने तिला वेगळ्या कामाला जुंपलंय.

आणि मग आला २०१६ चा शोधनिबंध. स्टीव्हन मॅकॅरल, बेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी सुमारे ६५ हजार लोकांच्या जनुकीय माहितीतून दाखवलं, की सहाव्या गुणसूत्रावरचा, स्किझोफ्रेनियाशी सर्वांत घट्ट जोडलेला ठसा बऱ्याच अंशी सी४ नावाच्या कॉम्प्लिमेंट जनुकामुळे आहे. ज्या प्रकारामुळे मेंदूत सी४ए जास्त बनतं, तोच प्रकार आजाराची जोखीम वाढवतो. फाइनबर्गच्या शंकेला तीस-पस्तीस वर्षांनी एक रेणू सापडला. तो निबंध मी एका रात्रीत दोनदा वाचला होता. २०१९ मध्ये रुग्णांच्या रक्तातून मायक्रोग्लियासारख्या पेशी घडवून तपासलं, तर त्या निरोगी लोकांच्या पेशींपेक्षा सायनॅप्सचे जास्त तुकडे गिळत होत्या.

आता याचं वजन नीट तोलू. सर्वाधिक जोखमीचा सी४ प्रकार असला तरी आजाराची शक्यता वाढते ती सुमारे सव्वापट. एरवी शंभरात एकाच्या आसपास माणसांना आयुष्यात हा आजार होतो. सव्वापट करूनही आकडा शंभरात एकाच्या आसपासच राहतो. म्हणून भावाची किंवा तुमची सी४ तपासणी करून हाती काही लागणार नाही. आणि जो कळीचा मुद्दा बातम्यांत नेहमी निसटतो तो असा: विरळणी जास्त होण्यात मायक्रोग्लियाचाच दोष असतो असं नाही. खूण लावणारं प्रथिन जास्त असेल, किंवा सायनॅप्सच मुळात अशक्त असतील, तर मायक्रोग्लिया आपलं काम चोख करूनही नुकसान होईल. तिलाच गुन्हेगार ठरवलं तर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं होईल.

याच ठिकाणी ‘सूज’ हा शब्द घोटाळा करतो. इंग्रजीतल्या इन्फ्लमेशनला आपण सहज सूज म्हणतो आणि घरच्यांच्या डोळ्यांपुढे फुगलेला मेंदू उभा राहतो. स्किझोफ्रेनियात मेंदू सुजलेला नसतो. शवविच्छेदनात इजेनंतर दिसते तशी ग्लियाची भरमसाट वाढ आणि व्रण सापडत नाहीत, आणि हे न सापडणं हाच आजार मेंदूच्या घडणीच्या काळातला असावा याचा एक मोठा पुरावा मानला गेला. संशोधक ज्याला दाह म्हणतात तो रेण्वीय पातळीवरचा, मंद बदल आहे, आणि तोही सगळ्यांत सारखा नाही. पेट स्कॅनमध्ये मायक्रोग्लियाची सक्रियता दाखवणारा म्हणून टीएसपीओ नावाचा एक खुणेचा रेणू वापरतात. सुरुवातीच्या अभ्यासांत तो स्किझोफ्रेनियात वाढलेला दिसला, नंतर अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या मोठ्या संकलनात कमी निघाला. शिवाय तो मायक्रोग्लियाबरोबर इतर पेशींतही असतो. असा स्कॅन कुणी पैसे घेऊन करायला सुचवला तर करू नका.

खरी सूज आणणारे आजार वेगळे, आणि ते ओळखणं माझ्यासारख्या डॉक्टरचं कर्तव्य आहे. २००७ मध्ये वर्णन झालेला अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस हा मेंदूचा दाह सुरुवातीला हुबेहूब सायकोसिससारखा दिसतो. काही दिवसांत किंवा आठवड्यांत झपाट्याने वाढलेली लक्षणं, ताप, फिट्स, शुद्ध कमीजास्त होणं, तोंडाच्या विचित्र हालचाली, बोलणं अचानक बंद होणं यांपैकी काही असेल तर पाठीतलं पाणी, रक्त, एमआरआय आणि ईईजी तपासावंच लागतं. त्याला प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार लागतात आणि वेळेत मिळाले तर बहुतेक रुग्ण खूप सुधारतात. तुमच्या भावाचा आजार तीन वर्षं एका ठरावीक रीतीने चालला आहे. ते चित्र यात बसत नाही.

आता मायनोसायक्लिन. हे जुनं प्रतिजैविक मायक्रोग्लियाला शांत करतं, प्रयोगशाळेत सायनॅप्स गिळणंही कमी करतं. सिद्धान्त बरोबर, औषध स्वस्त, मेंदूत पोचणारं. आम्ही सगळेच आशेने पाहत होतो. पण २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीचा निकाल आला. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या २०७ रुग्णांना वर्षभर मायनोसायक्लिन किंवा प्लासेबो, म्हणजे औषध नसलेली गोळी दिली, आणि मन न रमणं, न बोलणं या लक्षणांत काहीच फरक पडला नाही. मला वाटतं, यामागे वेळेचा प्रश्न असावा. विरळणी जास्त झालीच असेल तर ती आजार उघड होण्याच्या आधीच होऊन गेलेली असते. शिवाय सगळ्या मायक्रोग्लियाला सरसकट झोपवणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं; त्याच पेशी उपयोगाचंही पुष्कळ काही करत असतात. वर्षभर मायनोसायक्लिन घेतल्याने त्वचेवर, दातांवर काळपट डाग पडू शकतात, यकृताला त्रास होऊ शकतो, क्वचित डोक्यातला दाब वाढतो. ते मागू नका.

गृहीतक बरोबर वाटूनही उपचार फसल्याचं दुसरं उदाहरण ग्लायसिनचं. ग्लुटामेटचा संदेश झेलणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरला ग्लायसिन या दुसऱ्या रसायनाची जोड लागते, आणि ते ग्लायसिन उचलून नेणारा पंप मुख्यतः ग्लियावर असतो. पंप थोडा रोखला तर रिसेप्टर सुधारेल या विचाराने बिटोपर्टिन आलं. आधीच्या छोट्या चाचणीत आशा वाटली, मोठ्या चाचण्यांत ते फसलं. त्याच वाटेवरचं आयक्लेपर्टिनही जानेवारी २०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्यात नापास झालं. भावाची जी तक्रार तुम्ही लिहिलीत, वाचलेलं डोक्यात न राहणं, नेमकी तीच सुधारण्यासाठी ते औषध होतं. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

ऑलिगोडेन्ड्रोसाइटबद्दल थोडक्यात. ही पेशी न्यूरॉनच्या तारांवर मायलिनचं वेष्टण चढवते, त्याने संदेश कित्येक पटींनी वेगाने जातो. मेंदूच्या पुढच्या भागात हे वेष्टण तिशीपर्यंत चढत असतं. २००१ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या मेंदूत मायलिनशी संबंधित जनुकं मंदावलेली आढळली, २००३ मध्ये बायपोलरमध्येही. मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी हा मायलिन बिघडवणारा दुर्मिळ आनुवंशिक आजार किशोरवयात किंवा विशीत सुरू झाला, तर जवळपास निम्म्या रुग्णांत आधी भास आणि संशय दिसतात. अशी एक मुलगी मी पाहिली आहे. आवाज येतात म्हणून आणलं होतं, पण जिने उतरताना ती कठडा घट्ट धरत होती आणि तिचं अक्षर वर्षभरात बिघडत गेलं होतं. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग दोन्ही बाजूंनी सारखाच बदललेला होता. म्हणून सायकोसिसच्या रुग्णाला मी अजूनही आधी चालायला आणि मग दोन ओळी लिहायला सांगते.

पण मायलिनच नष्ट करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सायकोसिस क्वचित दिसतो. कुठलं मायलिन, कुठल्या वयात, यावर सगळं अवलंबून आहे. २०१२ मध्ये दिसलं, की दूध तुटल्यानंतर लगेच दोन आठवडे एकट्या ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागात मायलिन पातळ राहिलं आणि नंतर इतरांत सोडूनही ते भरून आलं नाही. त्या वयाची सोबत मेंदूच्या अंगी लागते, हे मला त्या प्रयोगाने पटलं.

तर दोष ग्लियाचा की न्यूरॉनचा? ग्लियाच्या बाजूने सर्वांत बोलका प्रयोग २०१७ चा. अमेरिकेतल्या स्टीव्हन गोल्डमन यांच्या गटाने लहानपणीच स्किझोफ्रेनिया झालेल्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशींतून ग्लिया घडवल्या आणि नवजात उंदरांच्या मेंदूत सोडल्या. न्यूरॉन सगळे उंदराचे, निरोगी. तरी मायलिन कमी चढलं, अॅस्ट्रोसाइट उशिरा तयार झाल्या, आणि ते उंदीर भित्रे, एकलकोंडे झाले, त्यांची झोप विस्कटली. न्यूरॉनच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा जनुकांचा. २०२२ मध्ये ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीतून गुणसूत्रांवरच्या २८७ जागा आजाराशी जोडल्या गेल्या, आणि त्यांतली जोखीम प्रामुख्याने न्यूरॉनमध्ये काम करणाऱ्या जनुकांवर एकवटलेली निघाली. हे लपवून ‘आजार ग्लियाचा आहे’ म्हणणं अप्रामाणिक होईल.

२०२४ मध्ये मॅकॅरल यांच्याच गटाने १९१ माणसांच्या मेंदूंतली एकेक पेशी तपासली. सायनॅप्स बांधण्याची न्यूरॉनमधली जनुकं आणि त्याच कामाला साहित्य पुरवणारी अॅस्ट्रोसाइटमधली जनुकं एकाच तालात चढतात-उतरतात, आणि स्किझोफ्रेनियात दोन्ही एकत्रच खाली आलेली असतात. म्हातारपणातही तसंच. मला ही मांडणी सर्वांत खरी वाटते. दोन पेशी मिळून एक सायनॅप्स सांभाळतात. एकीने हात सैल केला की दुसरीचाही सुटतो. मग सुरुवात कोणी केली हे वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळं असेल.

आता भावाच्या गोळ्यांबद्दलचा तुमचा प्रश्न. त्या न्यूरॉनवरच्या, डोपामिन या रसायनाचा संदेश झेलणाऱ्या डी२ रिसेप्टरवर काम करतात, आणि आवाज थांबले ते त्यामुळेच. आजाराची सुरुवात सायनॅप्सच्या देखभालीत झाली असली, तरी डोपामिनचा पूर तिथून खाली येतो आणि त्याला बांध घालावाच लागतो. २०१२ च्या एका मोठ्या संकलनात, औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला, प्लासेबोवर गेलेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा. ग्लियाच्या कुठल्याही औषधाला आज असा आकडा नाही.

न बोलणं, मन न रमणं, न आठवणं यांवर मात्र आपल्याला अजून काम करायचं आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. आत्ताचा डोस गरजेपेक्षा जास्त आहे का, कारण त्यानेही माणूस मंद होतो. सोबत नैराश्य आहे का. आणि स्मरणासाठी, एकाग्रतेसाठी सराव घेणारं कोणी आहे का. दमवणारा नियमित व्यायाम या आजारात लक्ष आणि स्मरण थोडं सुधारतो, यासाठी चांगले पुरावे आहेत. गांजा पूर्ण बंद. रात्रीची झोप वेळेवर. आणि रोज थोडा वेळ तुम्ही त्याच्यासोबत बसा, तो बोलला नाही तरी.